हिराबायची कुटी आणि माझी काहील

दिवाळी अंकातून नोकरीचे अनुभव लिहिणाऱ्यांची नोकरी बहुधा माझ्या वयापेक्षा मोठी असते. माझी अवघी अडीच वर्षांची. ती सोडून मी आता पुन्हा कॉलेजात बाकावर बसतो आहे, तेव्हा अनुभव सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे का याची मला खात्री नाही. हा मजकूर दोनदा लिहून फाडला. संपादकांनी पत्रात 'कोंबड्यांच्या धंद्यातलं काही गमतीदार' मागितलं होतं. गमतीदार आहे ते आधी सांगून टाकतो.

मी सफाळ्याच्या पूर्वेकडच्या एका गावातला. वडील रेल्वेत चावीवाले, म्हणजे हातोडा घेऊन रोज रुळावरून चालायचं, सैल झालेल्या चाव्या ठोकायच्या. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. शेतकीची पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम ऐन भरात होतं. बोईसरला उतरणारी निम्मी माणसं अनोळखी असत. परदेशी इंजिनिअरांची वसाहत उभी राहिली होती, आणि त्या लोकांना खायला कोवळी कोंबडी हवी होती. आपल्या गावठी कोंबडीशी त्यांचे दात झगडू शकत नव्हते. हे हेरून बोईसरजवळचे बागायतदार सावेकाका यांनी आपल्या केळीच्या वाडीत दोन लांब शेडा बांधल्या आणि मला नोकरीवर घेतलं. काका मला नावाने कधी हाक मारत नसत. 'काय रे ग्रॅज्युएट' म्हणत. चांगलं काही झालं तरी तेच आणि वाईट झालं तरी तेच, सुरावरून ओळखायचं.

'ब्रॉयलर' हा शब्द तेव्हा आमच्याकडे कोणी ऐकला नव्हता. एका दिवसाची पिल्लं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून रेल्वेने येत आणि दहा आठवड्यांत कापायला तयार होत. गिऱ्हाइकांचा यावर विश्वास बसत नसे. पालघरच्या एका खानावळीचे मालक कोंबडी विकत घेण्याआधी ती जमिनीवर चालवून दाखवा म्हणत. एवढ्या लवकर वाढलेल्या प्राण्याचे पाय खरे असतील हे त्यांना पटत नव्हतं. बांधकामावरचे कोल्हापूरकडचे एक मुकादम कोंबडी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी रिकामी पिशवी हलवत परत आले. त्यांच्या घरी सवयीप्रमाणे दोन तास रस्सा रटरटवला होता. ते म्हणाले, "रस्सा झकास झाला. पण कोंबडी कुठं गेली?"

इथवर गंमत. यापुढचं सांगण्यासाठी थोडं शास्त्र सांगावं लागेल. वडिलांना समजलं तसंच सांगतो.

पिल्लू वाढायचं तर त्याला प्रथिनं लागतात. पण प्रथिन म्हणजे एकच पदार्थ नव्हे. ती वीसेक प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी असते. त्यांतली काही आम्लं पिल्लू आपल्या अंगात तयार करतं. काही मात्र खाण्यातून मिळाली तरच. लायसीन आणि मेथिओनीन ही त्यांतली दोन, आमच्या खाद्यात नेहमी कमी पडणारी. शेंगदाण्याची पेंड प्रथिनांनी गच्च भरलेली असते, पण ही दोन्ही तीत बेताची. तिळाच्या पेंडीत मेथिओनीन भरपूर, पण लायसीनची बोंब. मक्यावर आणि कोंड्यावर तर भिस्तच ठेवता येत नाही. आणि एखादं आम्ल कमी पडलं की बाकीची कितीही असोत, वाढ तिथेच थांबते. उरलेली वाया जातात.

हे मी घरी सांगत होतो तेव्हा वडील विडी बाजूला ठेवून म्हणाले, "म्हंजे चाव्याच की. रूळ ढीगभर हाय, स्लीपर हाय, आन् चाव्या संपल्या. मंग गाडी नाय."

इतकं सोपं मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या तीनचार आठवड्यांत पिल्लू जेवढ्या झपाट्याने वाढतं तेवढं पुढे कधीच नाही, म्हणून चाव्या सर्वांत जास्त तेव्हाच लागतात. आमच्या भागात त्या एकाच ठिकाणी भरपूर आणि स्वस्त मिळत: सुक्या मासळीत. परदेशी तयार औषधांची नावं मी पुस्तकात वाचली होती, पण ती बोईसरपर्यंत पोचत नव्हती. सातपाटी मात्र जवळ होती.

सातपाटीला हिराबाय होती. पन्नाशीची, आवाज असा की बंदरावर बोलली तर वाऱ्यालाही ऐकू जाईल. माणसांनी खायची मासळी ती पालघरच्या बाजारात विकायची आणि उरलेली बारीक, फुटकी मासळी वाळवून, कुटून तिची कुटी, म्हणजे भुकटी, करायची. ही कुटी एरवी झाडांना खत म्हणून जाई. काकांनी तिच्याकडून घ्यायला सुरुवात केली तेव्हा तिने आणखी आठ बायकांना जोडीला घेतलं. माल बैलगाडीने यायचा आणि पाठोपाठ ती स्वतः. मला पोरा म्हणायची. पहिल्याच भेटीत तिने मूठभर कुटी माझ्या नाकाशी धरली आणि म्हणाली, "वास घे. याच्यात वाळू निघाली तर माजं नाव बदल."

पिल्लांच्या पहिल्या चार तुकड्या उत्तम निघाल्या. माझी कॉलर, ती मला पहिल्यांदाच होती, ताठ झाली.

मग वसाहतीच्या भटारखान्याचा खानसामा आला. माणूस गरीब, पण त्या दिवशी चेहरा पाडून आला. म्हणाला, "साब लोग बोलता है, मुर्गी में मच्छी का बास है." काकांनी माझ्याकडे बघून म्हटलं, काय रे ग्रॅज्युएट.

आता मला उत्तर माहीत आहे. मासळीच्या तेलाचा वास कोंबडीच्या चरबीत उतरतो. शेवटचे दोन आठवडे मासळी बंद केली की तो जातो, कारण तोवर पिल्लू मोठं झालेलं असतं आणि त्याला चाव्या कमी लागतात. पण त्या दिवशी काका समोर उभे होते, खानसामा दारात उभा होता, आणि मला माहीत नाही हे म्हणायची मला लाज वाटली. कॉलेजात गेलेल्या माणसाकडून लोकांना उत्तर हवं असतं आणि लगेच हवं असतं. मी म्हणालो, कुटी भाजून घेऊ. वास उडून जाईल.

काकांच्या वाडीत गूळ उकळायची एक मोठी, जुनी काहील पडलेली होती. ती घासून चुलाणावर चढवली. भाजायचं काम रामीकडे दिलं. रामी ही वाडीमागच्या पाड्यावरची वारली बाई, पिल्लांची देखभाल तिच्याकडेच होती. तिने विचारलं, किती भाजू. मी सांगितलं, वास जाईपर्यंत. वास काही केल्या जात नव्हता, म्हणून ती भाजत राहिली. कुटी तपकिरी व्हायची, मग कॉफीच्या रंगाची. मी रोज जाऊन हुंगायचो आणि अजून थोडं म्हणायचो.

पुढची तुकडी दोन आठवड्यांची झाली तेव्हा काहीतरी बिघडल्याचं दिसू लागलं. पिल्लं मरत नव्हती. मेली असती तर रोग म्हणता आलं असतं. ती नुसती वाढत नव्हती. तीन आठवड्यांचं पिल्लू दहा दिवसांचं वाटे, पंख अर्धवट, पाठ उघडी. आणि ती एकमेकांची पिसं उपटून खायची. शेडमध्ये शिरलं की सगळी एकदम माझ्या पायांकडे धावत यायची. खाद्याची भांडी भरलेली असताना ती उपाशी असल्यासारखी टोचत राहायची, माझ्या चपलेचा पट्टासुद्धा. तो टकटक आवाज मला शेडबाहेर गेल्यावरही ऐकू यायचा. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते दोन पिल्लं कापून बघून म्हणाले, यांना काही झालेलं नाही.

मी खाद्याचा नमुना मुंबईला तपासायला पाठवला. प्रथिनांचा आकडा चांगला आला. आधीपेक्षा किंचित जास्तच.

इथे मी हुशारी केली. आपली चूक अडाणीपणामुळे झाली असती तर मला इतकं लागलं नसतं. ती हुशारीमुळे झाली. मला माहीत होतं की प्रयोगशाळा प्रथिनं मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते, त्याला सव्वासहाने गुणते आणि येईल त्या उत्तराला प्रथिनं म्हणते. म्हणजे आकडा फसवू शकतो. खवले, कातडं, काटे यांतही नायट्रोजन असतो, पण चाव्या नसतात. आकडा चांगला आणि पिल्लू खुरटलेलं, याचा अर्थ माझ्या मते एकच होता: कुटीत मासळी कमी आहे आणि खवले-कातडी कुटून मिसळली आहेत. असा तर्क लढवता आल्याचा मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. मी इंग्रजीत दीड पानाचा अहवाल लिहिला. 'पुरवठादाराकडून भेसळ झाल्याचा दाट संभव' हे वाक्य लिहिताना मी शब्द बदलून बदलून बघितले होते.

काकांनी हिराबायचा माल बंद केला आणि कारण म्हणून अहवालाची नक्कल तिच्याकडे धाडली. तिला वाचता येत नव्हतं. तिने तो मच्छीमार सोसायटीतल्या कारकुनाकडे नेला आणि त्याने तो मासळी वाळवायच्या खळ्यावर सगळ्या बायकांसमोर मराठी करून वाचला. हे मला फार नंतर कळलं.

कुटी मग डहाणूकडून येऊ लागली. तीही काहिलीत जात होती. नवी तुकडी आली, आणि तीही तशीच खुरटली. मला आठवतं, त्या आठवड्यात मी स्वतःला असंही पटवून बघितलं की डहाणूवालाही भेसळ करतो. दोन्ही गावं लबाड आणि मी तेवढा बरोबर. पण हे जेवताना पटायचं नाही. मी ताटावरून उठून शेडमध्ये जायचो, पिल्लं उचलून वजन करायचो, परत यायचो, पुन्हा जायचो. रामी बघायची आणि कुटी भाजत राहायची.

फारच खुरटलेली पिल्लं बाजूला काढून मारून टाका, असं मी सांगितलं होतं. एका सकाळी कामावर आली नाही म्हणून मी रामीला बघायला पाड्यावर गेलो. तिला ताप होता. अंगणात नऊ पांढरी पिल्लं फिरत होती. आमचीच. पण अंग भरलेलं, पाठ पिसांनी झाकलेली. एक तर माझ्या पायाकडे न धावता आपल्या नादात माती उकरत होतं. मला आधी ते पाहूनच बरं वाटलं.

रामी घाबरली. "मारवत नव्हती भाऊ," म्हणाली. "कापून घ्या हवं तर पगारातून."

मी विचारलं, यांना घालतेस काय.

तिने अंगणाच्या कडेचं मडकं दाखवलं. त्यात ओला पाला आणि सुकं शेण भरून ते वारुळापाशी पालथं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी उचलायचं, आत वाळवी भरलेली असते. ती पिल्लांपुढे झटकायची. त्यांच्या पाड्यावर सगळ्याच घरी असं करतात. त्याशिवाय कण्या, बस.

मी अंगणातच बसलो. वाळवी म्हणजे मांस. कण्यांत चाव्या नाहीत, म्हणजे त्या वाळवीतून आल्या. मासळीसुद्धा मांसच. मग माझ्या मासळीतल्या चाव्या कुठे गेल्या? वाळवीत आणि माझ्या मासळीत फरक काय? मी रामीला हे विचारलं नव्हतं, बहुधा स्वतःशीच पुटपुटलो असेन, पण ती म्हणाली, "वाळवी मी भाजत नाय."

हे मला माहीत होतं. परीक्षेत हा प्रश्न आला होता. अति उष्णतेने प्रथिनांच्या गुणवत्तेवर होणारे परिणाम. मी दीड पान उत्तर लिहिलं होतं आणि चांगले गुण मिळवले होते. जास्त तापवलं की लायसीन अशा रीतीने अडकून बसतं की पिल्लाच्या आतड्याला ते सोडवता येत नाही. नायट्रोजन मात्र जागच्या जागी राहतो, म्हणून आकडा बदलत नाही. पाणी उडाल्यामुळे तो थोडा वाढलेलाच दिसतो. सगळं पाठ होतं. पण पुस्तकातली उष्णता अंशांत लिहिलेली होती आणि ती यंत्रांत असायची, परदेशातल्या कारखान्यांत. रामीच्या चुलाणातला जाळ हीच ती उष्णता, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

तरी खात्री करायची होती. खरं म्हणजे मला अजून आशा होती की मी चुकलेलो नसेन. कोठारात हिराबायची दोन पोती न भाजलेली शिल्लक होती. नव्या पिल्लांतली वीस एका कप्प्यात, वीस दुसऱ्यात ठेवली. खाद्य तेच, मका तोच, पेंड तीच, कुटी एकाच पोत्यातली. एकीकडे उन्हात वाळली तशीच, दुसरीकडे काहिलीत भाजून. सातव्या दिवशी तराजूला कळलं. चौदाव्या दिवशी दारातून दिसू लागलं. हिराबायच्या मासळीवर एका कप्प्यातली पिल्लं गुबगुबीत झाली होती, आणि तिच्याच मासळीवर शेजारच्या कप्प्यातली एकमेकांची पिसं खात होती.

मी रामीला काहील उतरवायला सांगितली. आणि काकांना काय सांगितलं? सरपण फार जातं, भाजणं बंद केलंय, वासासाठी शेवटचे दोन आठवडे मासळीच देणार नाही, असं सांगितलं. ते वाक्य खोटं नव्हतं. पिल्लं सुधारली तशी काकांनी समजूत करून घेतली की डहाणूचा माल चांगला, सातपाटीचा वाईट, आणि ते ओळखणारा मी. आता 'काय रे ग्रॅज्युएट'चा सूर गोड झाला. मला पुढे शिकायचं होतं. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचं शिफारसपत्र लागत होतं. काका म्हणाले, असं पत्र देतो की कॉलेजवाले तुला न्यायला स्टेशनावर येतील.

मी गप्प राहिलो. किती दिवस ते लिहायला हवं: पाच आठवडे.

त्या दिवसांत मला कुठे बसवत नसे. सकाळी उठून बोईसरहून पालघरला जायचो, काम नसताना. बाजाराच्या त्या टोकाने जायचो जिथे हिराबाय बसत नसे. आणि तरी एका दिवशी तिनेच मला पाहिलं. हाक मारली ती अख्ख्या बाजाराने ऐकली. मी गेलो. वाटलं, आता शिव्या घालील.

ती उठून उभी राहिली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पोरा, तुजं खरं निघालं. आमी शोधून काढली. काशी हाय ना आमच्यातली, ती मासली साफ करायला जाते. तिच्याकडं खवल्यांचा ढीग असतो. तिनंच टाकला असंल. ती शपथा घेते, रडते. पण तुमची तपासणी खोटी कशी असंल? काढली तिला. खळ्यावर बसू देत नाय आता. काकांना सांग, आमचा माल परत घ्या. आमी साफ केलंय."

मग तिने टोपलीतले चांगले, लांब सुके बोंबील निवडले, कागदात बांधले आणि माझ्या हातात कोंबले. तुझ्या बापाला ने, म्हणाली. मी पैसे काढू लागलो तर रागावली.

मी ते घेतले. तिथे उभं राहून सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. गाडीत बसून सफाळ्याला घरी गेलो. आईने बोंबील भाजले, वडील जेवायला बसले, आणि त्यांचा अर्धा बोंबील खाऊन झाला तेव्हा मला राहवेना. मी सगळं सांगितलं. अहवाल, काहील, दोन कप्पे, काशी. वडील ऐकत होते. मग त्यांनी उरलेला बोंबील ताटाच्या कडेला ठेवला.

"हे मी खायच्या आधी सांगायला पायजे व्हतं," ते म्हणाले. आणि भाकरी कांद्याबरोबर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी काकांना सांगितलं. त्यांनी केळीच्या लोंगराला दिलेला टेकू सरळ केला. मग म्हणाले, पिल्लं वाढतायत ना, मग झालं. हिराबायचा माल पुढच्या महिन्यापासून हळूच चालू करू, कारण सांगायची गरज काय. मी म्हणालो, काशीचं काय. काकांना काशी कोण हे माहीत नव्हतं. सांगितल्यावर म्हणाले, "अरे, तो कागद माझ्या फार्मच्या नावाचा आहे. उद्या वसाहतीत कळलं की इथला ग्रॅज्युएट खाणं जाळून घालत होता, तर मी कोणाला तोंड दाखवू? आणि तुला ते पत्र हवंय की नको?"

ते दुष्ट नव्हते. आवाजही चढवला नाही. मला पत्र हवंच होतं. तरीही मी दुपारी सायकल काढली, हे आठवलं की मला माझंच नवल वाटतं. मी धीट माणूस नाही. फक्त त्या टकटक आवाजासकट आणखी एक दिवस काढणं मला शक्य नव्हतं.

सातपाटीच्या खळ्यावर बायका मांदेली पसरत होत्या. पलीकडे बांबूंना बांधलेल्या वलांड्यांवर बोंबील लटकत होते. हिराबायला मी बाजूला घेऊन सांगू लागलो. चार वाक्यं ऐकून तिने मला थांबवलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. रागापेक्षा त्यावर मोजदाद होती, आपण काय काय करून बसलो याची.

"माज्या कानात कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "तो कागुद इथं वाचला व्हता. सगल्यांसमोर. हे पन इथंच वाच."

तिने एका मुलीला काशीला बोलवायला पाठवलं. काशी आली ती लांबच, खळ्याच्या कडेशी उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही. सत्तरीची असेल. हात कोपरापर्यंत खवल्यांनी चमकत होते, कारण ती अजूनही दुसऱ्यांची मासळी साफ करूनच पोट भरत होती.

मी रात्री एक कागद लिहून ठेवला होता. या वेळी मराठीत. तो उघडून वाचू लागलो. 'पूर्वीच्या अहवालातील निष्कर्ष अति उष्णतेमुळे प्रथिनांच्या गुणवत्तेत झालेल्या ऱ्हासाचा विचार न करता काढलेला असल्याने...' वाऱ्याने कागद फडफडत होता. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मी वाचत गेलो, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरुवात करवली नसती.

काशी तिकडून म्हणाली, "काय बोलतो ह्यो? आमच्यात सांग."

मी कागद खाली केला. मग म्हणालो, "मासळी चांगली होती. कोणी काही मिसळलं नव्हतं. ती मी जाळली."

हिराबाय खाली बघत होती. काशीने एक पाऊल पुढे टाकलं, मग आणखी एक, आणि खळ्याच्या आत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिने विचारलं, "सगली?"

"दोन पोती सोडून सगळी."

"कशाला?"

"वास जावा म्हणून."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझी कॉलर, चष्मा, हातातला कागद. मग विचारलं, "मंग गेला का वास?"

"नाही."

आधी एक कुणीतरी हसली. मग दुसरी. मग सगळं खळं हसू लागलं, पोटं धरून, पदर तोंडाला लावून. हिराबायसुद्धा हसली आणि हसताहसता डोळे पुसू लागली. काशी तेवढी हसली नाही. ती खाली बसली, तिच्या जुन्या जागेवर असावी, कारण शेजारच्या बाईने न सांगता सरकून जागा करून दिली. आणि तिने समोरची मांदेली बोटांनी पसरायला घेतली, एकीला एक न चिकटू देता, जणू मधले महिने झालेच नव्हते. ते झाले होते, हे तिला आणि मला दोघांनाही माहीत होतं. मी क्षमा मागायचं ठरवून गेलो होतो. तिने मान वर केली नाही, म्हणून ते राहूनच गेलं.

काकांनी पत्र दिलं. दोन ओळींचं: अमुक काळ येथे नोकरीस होते, वर्तणूक समाधानकारक. कॉलेजवाले स्टेशनावर आले नाहीत, पण प्रवेश मिळाला. मासळी पुन्हा सातपाटीहून जाऊ लागल्याचं रामीने एकाकडून निरोप धाडून कळवलं. तिची नऊ पिल्लं मोठी झाली, त्यांतले चार कोंबडे निघाले.

आता माझ्यासमोर रोज नायट्रोजनचे आकडे येतात. प्रयोगशाळा स्वच्छ आहे, यंत्रं नवी आहेत, आणि आकडा बरोबर आला की सगळे पुढच्या कामाला लागतात. मी लागत नाही. नमुना कोणत्या वाटेने इथवर आला हे मी आणणाऱ्याला विचारत बसतो: कुठे वाळवला, कशावर, कोणी, कोणाच्या सांगण्यावरून. माझे सोबती याला माझं खूळ म्हणतात. परवा एकाने वैतागून विचारलं, आकडा तर चांगला आहे, मग तुला नक्की काय हवंय? मला माहीत नव्हतं. या वेळी मी तसं सांगितलं.